रेघा खाणारं पान

"पान लिहायचं ना? अहो साहेब, एका दुपारचं काम! समोरचा चहा निवायच्या आत लिहून तुमच्या हातावर ठेवते की नाही बघा!"

भर बैठकीत, रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या तोंडावर कडकबाईंनी असं ठणकावून सांगितलं, तेव्हा कुणाच्याही मनात शंका आली नाही. शंका घ्यायची कुणाची छातीच नव्हती! कडकबाई म्हणजे रुग्णालयाच्या लाँड्रीच्या प्रमुख. त्यांच्या खळीवरून हे नाव पडलेलं, आणि स्वभावावरून ते टिकलेलं. त्यांच्या हातची खळ लागलेला पडदा वाऱ्याने हलत नसे. वाराच बिचारा वळसा घालून जाई! नाव पाठीमागे घेतलं तर त्या दुर्लक्ष करत, आणि तोंडावर घेतलं तर खूष होत.

पण यावेळी बाईंची गरज मोठी होती. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात, आणि तिचं पहिलंच बाळंतपण तोंडावर आलेलं. ती रोज फोनवर रडायची.

"आई, तू आली नाहीस तर मी त्या खोलीत पाऊलच टाकणार नाही!"

"तू नाही टाकलंस तरी बाळ थांबणार आहे का वेडे? येते मी. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे."

रजा टाकली होती खरी, मिळाली नव्हती. साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठ्यांची घडी पडली.

"बाई, मागे तुमची दाढ दुखली म्हणून तुम्ही एक दिवस घरी राहिलात. आठवतं? सगळ्या डॉक्टरांचे कोट गुलाबी होऊन आले! महिनाभर आम्ही लग्नाच्या बँडसारखे हिंडत होतो! पंधरा दिवस तुम्ही नसलात तर काय होईल?"

मग साहेबांनीच तोड काढली. त्यांनी नुकतीच रुग्णालयात विकी आणली होती. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक सामायिक पुस्तक. प्रत्येक खात्याने आपलं पान आपणच लिहायचं, आणि चुकलं तर आपणच सुधारायचं. कडकबाईंनी लाँड्रीचं पान लिहावं, ते लाँड्रीच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावावं, आणि एक पूर्ण दिवस बाई बाहेरच्या बाकावर बसून असताना लाँड्री नुसत्या पानावर चालून दाखवावी. चालली तर रजा. नाही चालली तर रजा नाही!

"मंजूर!" बाई म्हणाल्या.

पान कसं लिहायचं ते शिकवायला कॉम्प्युटर खात्यातला गृहस्थ आला. दोन मुलांचा बाप, केस पिकायला लागलेले, पण डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या काचा असल्यामुळे सगळं रुग्णालय त्याला 'चष्मा'च म्हणे. स्वभावाने गरीब. एवढा गरीब की आपलं वाक्य पूर्ण करायलाही तो समोरच्याची परवानगी घेई. बाईंकडे ती मिळत नसे.

"मावशी, साधा मजकूर साधा लिहायचा. मथळा करायचा असेल तर ओळीच्या आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं, आणि ओळ संपली की पुन्हा तितकीच चिन्हं."

"बरोबरचं चिन्ह म्हणजे ती आडवी जोडरेघ ना? हिशेबात असते ती?"

"तीच. तर एक चिन्ह लावलंत, तर—"

"कळलं!"

"नाही, ऐका ना. दोन लावली, तीन लावली, की त्याचा—"

"अरे कळलं म्हटलं ना! मला रेघांचं शिकवतोस?"

आणि इथेच घात झाला. कारण रेघांबद्दल बाईंना जे ठाऊक होतं ते लाँड्रीतलं होतं. लाँड्रीत प्रत्येक गाठोड्याच्या गाठीवर लाल दोऱ्याचे टाके असत. एक टाका म्हणजे पडदे, चादरी. पडलं, लोळलं, तरी कुणी विचारत नाही. दोन टाके, रुग्णांचे कपडे. तीन टाके, तान्ह्या बाळांची दुपटी. आणि चार टाके म्हणजे ऑपरेशनचे कपडे! चार टाके दिसले की धुणारा माणूस आधी स्वतःचे हात धुई आणि मगच गाठोड्याला हात लावी. जितके टाके जास्त, तितका मान जास्त. पोलिसाच्या बाहीवर पट्ट्या वाढतात तसं! यात न कळण्यासारखं काय आहे?

चष्मा निघून गेला. बाई खुर्चीत ताठ बसल्या आणि एकेक अक्षर शोधून बोटाने असं दाबू लागल्या, जणू ढेकूणच चिरडताहेत! पहिला मथळा एका चिन्हाचा : 'घट्ट खळ'. त्याखाली लिहिलं, पडदे, चादरी, डॉक्टरांचे कोट. मग दोन चिन्हांत रुग्णांचे कपडे आणि टॉवेल, तीन चिन्हांत दुपटी, आणि शेवटी चार चिन्हांच्या पहाऱ्यात 'ऑपरेशनचे कपडे'. प्रत्येकाखाली पाणी किती गरम, ऊन किती वेळ, अशी भरपूर माहिती. आणि सगळ्यात शेवटी, ऑपरेशनच्या कपड्यांखाली, त्यांच्या मते साऱ्या पानाचा प्राण असलेली ओळ : यांना खळ अजिबात नको!

पान जतन केलं, आणि बाईंच्या तोंडाचा आ वासला.

"अगं बाई! माझ्या रेघा कुठे गेल्या?"

पडद्यावर एकही रेघ नव्हती! मथळे होते, पण बोडके. त्यातही चार रेघांचा 'ऑपरेशनचे कपडे' हा मथळा कोपऱ्यात दबून बसला होता, आणि एका रेघेचा 'घट्ट खळ' मात्र गावजेवणातल्या पाटलासारखा ऐसपैस पसरला होता!

बाईंनी पान पुन्हा उघडलं. आत रेघा जागच्या जागी! जतन केलं, पुन्हा गायब!

"खातंय मेलं! रेघा खातंय हे पान!"

खातंय तर खाऊ दे, किती खाईल? बाईंनी पाचवी रेघ दिली. ती गिळली, आणि अक्षर आणखी बारीक झालं! सहावी दिली. तीही गिळली, अक्षर आणखी बारीक!

"मी ओरडतेय आणि हे कुजबुजतंय!"

त्या चिडल्या. ओळीच्या दोन्ही अंगांना सातवी रेघ ठोकली, आणि काय आश्चर्य! पडद्यावर दोन्ही बाजूंना एकेक रेघ उमटली! म्हणजे सहा रेघांत याचं पोट भरतं तर! आठवी दिली, दोन दिसल्या. नववी दिली, तीन. दहावी दिली, आणि मुंगीएवढ्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना चार-चार रेघा डौलात उभ्या राहिल्या.

"आता कशी!" बाईंनी पदर खोचला. अक्षर लहान झालं म्हणून काय झालं? लाँड्रीतला माणूस अक्षर बघतो कुठे? तो रेघाच बघतो!

परीक्षेच्या सकाळी त्यांनी लाँड्रीतला सगळ्यात जुना माणूस, लांबू, याला दारात उभं केलं. लांबू दारापेक्षा उंच. त्यामुळे बाईंचं बोलणं तो नेहमी वाकून ऐके.

"हे बघ, आज पडद्यावर आहे तेच करायचं. तेवढंच! स्वतःचं डोकं चालवलंस तर माझ्याशी गाठ आहे!"

"नाही चालवत, बाई," लांबू म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता.

बाई बाहेर बाकावर बसल्या. लेकीला फोन करून सांगितलं, "संध्याकाळच्या आत रजा हातात पडते बघ!" आत यंत्रं घरघरत होती, वाफेचा वास येत होता, सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि तेवढ्यात समोरच्या शस्त्रक्रिया विभागाचं दार धाडकन उघडलं!

दारात मोठे सर्जन उभे होते. दोन्ही हात आडवे पसरलेले, थेट शेतातल्या बुजगावण्यासारखे! अंगातला हिरवा झगा दरवाज्याच्या फळीसारखा ताठ. ते सरळ बाहेर पडू शकेनात, कारण दार अरुंद आणि हात रुंद. शेवटी ते आडवे वळले आणि खेकड्यासारखे तिरके तिरके बाहेर आले.

"बाई!" ते गरजले. "हे काय आहे?"

"झ... झगा आहे डॉक्टर."

"हा झगा आहे? अहो, हे कपाट आहे! माझे हात खाली येत नाहीत! टेबलावरचा रुग्ण मला विचारतोय, डॉक्टर, तुमचंच काही दुखतंय का? मी चाकू मागितला, सिस्टरने दिला, पण हातच दुमडेना! मी चाकू घेऊन हवेत उभा, आणि भूल द्यायच्या आधीच रुग्ण बेशुद्ध!"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. ऑपरेशनच्या कपड्यांना खळ? त्यांच्या लाँड्रीत? जन्मात कधी झालं नव्हतं ते! सुदैवाने कपाटात आधीच्या धुण्यातले मऊ झगे होते. ते काढले, रुग्णाला पाणी मारून उठवलं, पुन्हा रीतसर झोपवलं आणि ऑपरेशन पार पडलं. पण बाईंची शुद्ध काही ठिकाणावर येईना.

"लांब्या!" त्या दारातूनच ओरडल्या. आत जायची बंदी होती ना! "अरे, इतकी वर्षं काम करतोस, तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की बाई," लांबू वाकून म्हणाला. "पण तुम्हीच म्हणालात डोकं चालवू नको. पान लांबलचक, पडद्यावर माथ्यावरची मथळ्यांची यादी तेवढीच मावते. वर एवढं थोरलं, घट्ट खळ. आणि बाकी सगळी नावं त्याच्या पोटात, पायऱ्यापायऱ्यांनी. ऑपरेशनचे कपडे तर पार तळाच्या पायरीवर. म्हटलं घरातला कर्ता सांगतोय खळ, तर पोराबाळांनी ऐकायला नको?"

"आणि माझ्या रेघा? चार रेघा दिसल्या नाहीत?"

"त्या रेघा होत्या होय? मला वाटलं पडद्यावर माशी बसली. फडक्याने पुसली पण मी!"

इतक्यात साहेब आले. चेहरा धुवायला टाकलेल्या कपड्यासारखा पिळवटलेला.

"बाई, रजा विसरा!"

"साहेब, एक संधी द्या! माझी लेक वाट बघतेय हो. पहिलटकरीण आहे. मी शब्द दिलाय तिला." कडकबाईंचा आवाज कधी नव्हे तो ओला झाला.

साहेब विरघळले. "बरं. जेवणाच्या सुट्टीत पान नीट करा. दुपारची पाळी सुरळीत गेली तर बघू. पुन्हा घोटाळा झाला तर मात्र माझ्याकडे यायचं नाही!"

चष्म्याला बोलावणं गेलं. त्याने पान पाहिलं आणि काचा पुसून पुन्हा पाहिलं.

"मावशी! दहा चिन्हं? अहो, सहाच्या पुढे विकी ओळखत नाही. उरलेली ती तशीच बाहेर टाकते."

"पण बाकीची खाते का?"

"खात नाही हो, बदलते. पडद्याला चिन्हं कळत नाहीत, त्याला एचटीएमएल लागतं. ती पडद्याची भाषा. विकी तुमची चिन्हं मोजते आणि तितक्या नंबरचा मथळा करून पडद्याला देते. एक चिन्ह म्हणजे एक नंबरचा मथळा. तो सगळ्यांचा बाप. दोन नंबर त्याच्या पोटात, तीन नंबर त्याच्याही पोटात. सहा नंबर सगळ्यात धाकटा. आणि उलटही होतं बरं का. आता बघा, पडद्यावरचा हा मोठा मथळा मी उचलतो आणि परत विकीत आणतो. आली की नाही चिन्हं? किती आली?"

"एक!" बाईंचे डोळे विस्फारले. "म्हणजे जितकी कमी, तितका मोठा?"

"शाब्बास! पण एक लक्षात ठेवा, अजिबात चिन्ह नसेल तर—"

"कळलं!"

"अहो मावशी, तेवढं ऐकून—"

तेवढ्यात साहेबांच्या खोलीतून निरोप आला की साहेबांचा कॉम्प्युटर बंद पडला आहे, चष्म्याने धावत यावं.

"जा बाबा, जा तू. कळलंय मला सगळं!"

चष्मा गेला. बाई पुन्हा ताठ बसल्या. आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? सहा चिन्हांनी मुंगी, तीन चिन्हांनी मांजर, एका चिन्हाने हत्ती. मग एकही चिन्ह नसेल, तर केवढं मोठं होईल! डोंगरच!

बाईंनी ऑपरेशनच्या कपड्यांची वीसच्या वीस चिन्हं खरडून काढली. मग वाटलं, दुपटी काय कमी महत्त्वाची आहेत? त्यांचीही काढली. रुग्णांनी काय घोडं मारलंय? त्यांचीही काढली! टॉवेलांनाही न्याय दिला. 'घट्ट खळ' तेवढी एका चिन्हावर ठेवली. राहू दे बिचारी धाकटी म्हणून! जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाईंनी पान जतन केलं आणि न बघताच बाकावर येऊन बसल्या. बघायचं काय त्यात? कळलं होतं ना सगळं!

त्या दुपारी रुग्णालयात जे झालं, ते बघणाऱ्यांना अजून खोटं वाटतं.

आधी पुरुषांच्या वॉर्डातून 'ठक' असा आवाज आला. रुग्ण पलंगावर बसला होता, आणि त्याचा सदरा पलंगाच्या दांडीवर आपटला होता! मग ठक, ठक, ठक, असा सगळ्या वॉर्डातून आवाज सुरू झाला, जणू सुतारांचा कारखानाच! एक आजोबा कुशीवर वळले, पण त्यांचे कपडे उताणेच राहिले. आजोबा सदऱ्याच्या आत फिरून बाहीतून बाहेर डोकावू लागले. बायकांच्या वॉर्डात एका बाईंनी टॉवेल भिंतीला टेकवून ठेवला, तर तो तसाच उभा राहिला. भेटायला आलेल्या त्यांच्या दिराने फळी समजून त्यावर फळं ठेवली!

बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर तर रडकुंडीला येऊन धावत आली.

"कडकबाई! दुपटी गुंडाळताच येत नाहीत हो! बाळ मध्ये ठेवलं आणि कडा दुमडल्या, तर पुठ्ठ्याचं खोकंच झालं! मी एकालाही गुंडाळलं नाही, सगळी आयांच्या पदरात झोपवून आलेय!"

"अशक्य!" बाई किंचाळल्या आणि सगळी बंदी विसरून लाँड्रीत घुसल्या. पडद्याकडे बघितलं मात्र, त्यांचे डोळे पांढरे झाले!

पडद्यावर यादी नव्हतीच, एका मथळ्याची कसली यादी? सगळ्या पडद्यावर मिळून एकच मथळा होता, राजासारखा : घट्ट खळ! आणि त्याच्याखाली पडदे, चादरी, रुग्णांचे कपडे, टॉवेल, दुपटी, सगळे एकाच दावणीला बांधल्यासारखे साध्या मजकुरात एकामागून एक ओळीने उभे! चिन्हं काढली तशी विकीने त्यांची मथळ्याची पदवीच काढून घेतली होती आणि सगळ्यांना मुकाट खळीच्या हवाली केलं होतं. खळ नको म्हणणारी ती प्राणप्रिय ओळ तर पडद्याच्या खाली कुठेतरी बेपत्ता होती!

"बाई," लांबू हळूच म्हणाला, "खळ संपलीय. आणखी मागवू का? पायमोजे राहिलेत."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. समोर त्यांना लेक दिसू लागली. दाराकडे डोळे लावून बसलेली.

आणि दारात खरंच कुणीतरी उभं होतं. साहेब! त्यांनी खोलीत तोंड धुऊन नुकत्याच धुऊन आलेल्या कडक टॉवेलने पुसलं असावं, कारण नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत एक लालबुंद ओरखडा होता.

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग साहेबांनी लांबूला विचारलं, "हे पान नसतं, आणि बाईही नसत्या, तर तुम्ही आज काय केलं असतं?"

"आम्ही?" लांबूने डोकं खाजवलं. "रोज करतो तेच केलं असतं साहेब. टाके बघतो, धुतो. त्यात काय एवढं?"

"आणि ते गुलाबी कोट?"

"ते कोट बाईंनीच आदल्या दिवशी लाल पडद्यांबरोबर भिजत घातले होते ना साहेब. दाढ दुखत होती त्यांची. आम्ही नुसते वाळवले."

कडकबाईंनी जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली. झालं! रजा गेली, अब्रूही गेली!

साहेबांनी खिशातून रजेचा अर्ज काढला. फाडणार, असंच बाईंना वाटलं. पण त्यांनी तो यंत्रावर ठेवला, पेन काढलं, पंधरा खोडलं, तीस केलं आणि सही ठोकली.

"साहेब!" बाईंचा विश्वास बसेना. "अहो, मी पंधराच मागितले होते!"

"असू द्या बाई, असू द्या. लेकीजवळ निवांत राहा. बाळाला बघा. गाडी आजच आहे ना? आजच निघा! सामान नंतर पाठवू हवं तर." साहेबांनी दोन्ही हात जोडले. "फक्त जाताना त्या कॉम्प्युटरजवळून जाऊ नका!"

बाई अर्ज घेऊन बाहेर आल्या. रजा मिळाल्याचा आनंद करावा, की आपल्यावाचून काही अडत नाही याचं दुःख करावं, हेच त्यांना कळेना. इतक्यात फोन वाजला. लेक होती.

"आई, मिळाली रजा?"

"मिळाली! पंधरा मागितले, साहेबांनी तीस दिले!"

"अय्या! म्हणजे तुझं पान एवढं आवडलं त्यांना?"

बाईंनी मागे वळून बघितलं. आत लांबू आणि चष्मा मिळून भिंतीवरचा पडदा उतरवत होते.

"आवडलं म्हणजे काय!" कडकबाई म्हणाल्या. "असं पान पुन्हा कुणी लिहू नये, असंच ठरलंय सगळ्यांचं!"